विश्लेषण : महाड-पोलादपूरच्या घाटवाटांवर धावायचे, पण कोणाच्या भरवशावर?

डांबरी रस्ता सोडून डोंगरवाटेने धावणे म्हणजे ट्रेल रनिंग. पुणे जिल्ह्यात सिंहगड-राजगड-तोरणा मार्गावर अशा लांब पल्ल्याच्या शर्यती होऊ लागल्या आहेत. रायगड, लिंगाणा, चंद्रगड, मंगळगड हे किल्ले आणि घाटमाथ्यावर चढणाऱ्या जुन्या वाटा असलेला महाड-पोलादपूरचा पट्टाही या खेळासाठी उत्तम आहे. मात्र येथे तो वाढवायचा असेल, तर गावांना सोबत घेऊनच वाढवावा लागेल.

रस्त्यावरच्या धावण्याहून वेगळे काय?

पोलादपूर तालुक्यातील ढवळे गावातून महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटकडे जाणारी वाट हजार मीटरहून अधिक चढते. ट्रेल रनिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हिशेबात १०० मीटर चढाई ही एक किलोमीटर अंतराइतकी धरली जाते. म्हणजे अंतर १२ किलोमीटर आणि चढाई १००० मीटर असेल, तर श्रम २२ किलोमीटरचे. त्यामुळे ‘किलोमीटरला किती मिनिटे’ हा रस्त्यावरचा हिशेब येथे चालत नाही. खडा चढ अनुभवी धावपटूही चालतच चढतात.

खरी परीक्षा कुठे होते?

चढ दम काढतो, पण पाय मोडतो तो उतारावर. उतरताना मांडीचे स्नायू शरीराचा सगळा भार ब्रेकसारखा रोखून धरतात. ते थकले की पाऊल चुकते. त्यात घसारा आणि वाळलेले गवत असेल, तर घोटा मुरगळायला एक दगड पुरतो. मुख्य वाटेला फुटलेल्या ढोरवाटा नवख्याला भलत्याच सोंडेवर नेऊन सोडतात. कड्यांवर आग्यामोहोळ असते, दगडांच्या सांदीत फुरसे असते. मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते. मार्चनंतर पायथ्याचा दमट उकाडा इतका वाढतो, की नुसते पाणी पुरत नाही. घामावाटे गेलेले क्षारही भरून काढावे लागतात.

पावसाळ्यात का नको?

हिरवे डोंगर आणि धबधबे पाहून अनेकांना जुलैतच धावावेसे वाटते. पण २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक जणांचा बळी गेला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही त्याच वेळी दरडी आल्या. ज्या उतारांखाली माणसे पावसाळ्यात जीव मुठीत धरून झोपतात, तेथे त्याच दिवसांत हौसेखातर धावणे धोक्याचे आहेच, शिवाय ऐन आपत्तीत बचाव यंत्रणेवरचा भार वाढवणारे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच येथील योग्य हंगाम.

मग मिळते काय?

तोल, दमसास आणि पायांची ताकद वाढते. प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागत असल्याने डोके इकडेतिकडे भटकत नाही. स्थानिक तरुणांसाठी लाभ आणखी मोठा ठरू शकतो. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे हे गाव नावातच सैन्याची परंपरा मिरवते. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते. त्या तयारीसाठी वाहनांच्या वर्दळीत रस्त्याकडेला पळण्यापेक्षा गावामागची वाट कधीही बरी. सपाटीवरचा सराव मैदानावर करावाच. पण छाती आणि मांड्या घडवायला डोंगर आहे.

गाव का महत्त्वाचे?

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत सुरू असताना हवामान अचानक बिघडले. गारा, बर्फगार पाऊस आणि वाऱ्यात २१ धावपटू दगावले. त्याच डोंगरात एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत आसरा देऊन वाचवले. आपल्याकडचे धोके वेगळे आहेत, पण धडा तोच आहे. मनगटावरचे घड्याळ वाट दाखवते; पाणी कुठल्या झऱ्याला टिकले आहे, कुठली वाट यंदा दरडीने तुटली आहे, हे गुराख्यालाच ठाऊक असते.

म्हणून शर्यत भरवणाऱ्यांनी काही गोष्टी पाळायलाच हव्यात. मार्ग ठरवताना ग्रामपंचायत आणि वनविभागाला विश्वासात घ्यावे. वाटाड्या, पाणपोई आणि न्याहारीचे काम गावाला द्यावे, तेही रीतसर मोबदला देऊन. स्थानिक मुलामुलींना प्रवेश शुल्क नसावे. प्रथमोपचार साहित्य, शिट्टी, विजेरी आणि पाणी सोबत नसेल, तर स्पर्धकाला सोडू नये. एकट्याने धावणाऱ्यानेही पायथ्याच्या एखाद्या घरात ‘कुठे चाललो, कधी उतरेन’ एवढे सांगून निघावे.

या वाटा गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून जिवंत ठेवल्या आहेत. त्यांवर धावण्याचा आनंद शहराने घ्यावा. त्यातून गावाच्या हाती केवळ प्लास्टिकच्या बाटल्या उरू नयेत.