रिपोर्ट नॉर्मल आला, मग माणूस का घाबरतोय?

तीन ईसीजी. एक टूडी इको. एक स्ट्रेस टेस्ट. दोनदा थायरॉईड. दीड वर्षात एवढ्या तपासण्या केल्या आणि दर वेळी एकच उत्तर मिळालं, "सगळं नॉर्मल आहे पत्रकार, टेन्शन घेऊ नका."

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहितोय, कारण मागच्या आठवड्यात ओळखीतला एक तिशीतला पोरगा रात्री अकराला दवाखान्यात गेला. (त्याला विचारूनच लिहितोय, नाव देणार नाही.) मोंढ्यात अडतीवर हिशेब बघतो. छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरेना, "मी चाललो" म्हणत बायकोचा हात सोडेना. ईसीजी काढला, चांगला आला. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. सकाळी सोडताना डॉक्टर त्याच्या वडिलांना म्हणाले, "काही झालेलं नाही, नाटकं आहेत." वडिलांनी घरी येऊन तेच वाक्य त्याला ऐकवलं. पोरगा तेव्हापासून कामावर गेलेला नाही.

नाटकं! मला आज या शब्दाशीच भांडायचंय.

चार वर्षांपूर्वी दिवाळी पुरवणीच्या जाहिरातींची वसुली चालू होती. हायवेवर मोटारसायकल चालवताना अचानक छाती भरून आली, बोटांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. गाडी कडेला लावून मातीत बसलो. वाटलं, पोरांचं काय होणार. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलं. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. आधी मी हायवे सोडला. मग पत्रकार परिषदेत दाराजवळची खुर्ची धरायला लागलो. मग जिल्ह्याच्या बैठकांना जाणंच बंद केलं. लोक म्हणाले, पत्रकाराला माज आलाय. माज कसला, पुन्हा तसंच होईल या भीतीने मी घरात बसलो होतो.

याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. रानात पायाशी साप दिसला की शरीर काय करतं? अ‍ॅड्रेनालिन सुटतं, काळीज जोरात धावतं, श्वास वाढतो, पळायची तयारी होते. ती गजराची घंटा आहे, ती हवीच. या आजारात साप नसताना घंटा वाजते. श्वास फार जोरात चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर येते. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि उतरतो. त्या मिनिटांत शरीरात जे होतं ते खरं असतं. त्यात अभिनय नसतो.

आणखी प्रकार आहेत. कोणाला महिनोन्‌महिने कशाचीही काळजी पोखरते, झोप नाही, मान-खांदे दगडासारखे. सहा महिन्यांच्या वर हे चाललं तर डॉक्टर त्याला वेगळं नाव देतात. कोणाला चार लोकांत बोलायच्या विचारानेच घाम फुटतो. आपण त्यांना घाबरट, लाजाळू, भित्री भागूबाई म्हणून मोकळे होतो.

आता कोणी म्हणेल, "सोयाबीनला भाव नाही, पोरांना नोकरी नाही, टेन्शन येणारच. त्याला गोळ्या काय करणार?" मुद्दा बरोबर आहे. कारण असलेली काळजी म्हणजे आजार नव्हे, आणि गोळीने सोयाबीनचा भाव वाढत नाही. पण रस्त्यातल्या खड्ड्यात पडून पाय मोडला, तर आपण खड्ड्यासाठी आंदोलनही करतो आणि पायाला प्लॅस्टरही घालतो. खड्डा बुजेपर्यंत पाय तसाच ठेव, असं कोणी म्हणत नाही. मनाच्या बाबतीतच का म्हणतो?

आता दोष कोणाचा ते बोलू.

पहिला, "नॉर्मल आहे, जा घरी" म्हणणाऱ्या डॉक्टरांचा. हृदय तपासलंच पाहिजे, त्यात वाद नाही. छातीत पहिल्यांदा दुखलं की आधी ईसीजीच. पण रिपोर्ट चांगला आला की उपचार संपत नाहीत, तिथून सुरू व्हायला हवेत. "हृदय ठीक आहे, हा पॅनिक अटॅक असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा," एवढं कार्डावर लिहायला किती वेळ लागतो?

दुसरा, मेडिकलवाल्यांचा. मला कित्येक महिने चिठ्ठीशिवाय "झोपेची" म्हणून गोळी मिळत होती. ती अल्प्राझोलाम होती. तिने तासाभरात बरं वाटतं, हाच तिचा धोका. सवय लागते, डोस वाढतो, आणि एकदम बंद केली तर त्रास उलटतो. ही गोळी 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि डॉक्टरचं, पेशंटचं नाव व किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. आपल्या गावातली ती रजिस्टरं कोणी शेवटची कधी उघडली? माझी चूकही आहेच. मी गोळी मागत होतो.

तिसरा, सरकारचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून चालू आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 18 ने सरकारी मानसोपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केलाय. ठरवून दिलेल्या किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे नसतील तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे उपचार घ्या, खर्च सरकार करेल, असं त्यात लिहिलंय. कलम 21 प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचंय. हे तालुक्यात किती जणांना माहीत आहे? 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचाराविनाच असल्याचं निघालं. सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता.

चौथा दोष आमचा, पत्रकारांचा. "मनोरुग्णाचा भरचौकात धिंगाणा" अशी बातमी मीही लावलीय, फोटोसकट. मग कोणता माणूस मानसोपचाराच्या दवाखान्याची पायरी चढेल?

मी स्वतः कसा चढलो ते सांगतो. घरी सांगितलं बैठक आहे. एसटीत दाराजवळ बसून जिल्ह्याला गेलो. कोणी ओळखीचं बघेल म्हणून दवाखान्यासमोरच्या टपरीवर दोन चहा पिऊन, रस्ता मोकळा झाल्यावर आत शिरलो. डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतलं. रोजची एक गोळी दिली. ती लगेच लागू पडत नाही, काही आठवडे लागतात, हे आधीच सांगितलं. जुनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली. सोबत समुपदेशन. "आता मरणार" हा विचार आला की तो वहीत लिहायचा आणि शेजारी लिहायचं, मागच्या वेळी खरंच काय झालं होतं? मग ज्याची भीती, तिकडे पायरी पायरीने जायचं. पहिला आठवडा नाक्यापर्यंत. मग पेट्रोल पंपापर्यंत. धडधड झाली तरी परत फिरायचं नाही, ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. सहाव्या महिन्यात एकटा हायवेने जिल्ह्याला गेलो. आजही कधीमधी घंटा वाजते. पण आता ती कसली आहे हे कळतं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी, किती वाजता असतात ते दर्शनी भागात रंगवा. येत नसतील तर कधीपासून येणार ते लेखी सांगा. अन्न व औषध प्रशासनाने एच-वनची रजिस्टरं तपासावीत. पुढच्या सोमवारी तहसीलदार आणि वैद्यकीय अधीक्षकांना निवेदन देणार आहे. सोबत यायचं त्यांनी साडेदहाला तहसीलसमोर या.

आणि ज्यांना आज रात्रीच गरज आहे त्यांनी 14416 लावा. टेली-मानस, सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. कोणाची गोळी चालू असेल तर ही पोस्ट वाचून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

त्या पोराच्या वडिलांशी काल तासभर बोललो. आधी म्हणत होते, "आमच्या घरात असलं काही नाही." मग मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तुम्ही येता का सोबत?"

गुरुवारी आम्ही तिघं जातोय. या वेळी टपरीवर थांबणार नाही, सरळ आत.