उताऱ्याची भाषा ठरते कुठं?

आमच्या आज्जाला स्वतःच्या शेताचा उतारा वाचता येत नाही. आज्जा अडाणी नाही बरं का. मराठी शाळेत सातवी झालाय, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो. पण उतारा कन्नडमध्ये. मी शाळेत कन्नड शिकले, म्हणून नाव, सर्व्हे नंबर, बोजा सगळं मी वाचून दाखवते.

यंदा कॉलेजात ई-प्रशासनात कर्नाटकाचा 'भूमी' प्रकल्प अभ्यासाला होता. साधारण 67 लाख शेतकऱ्यांचे 2 कोटी उतारे संगणकावर घेतले, राजीव चावला हे सनदी अधिकारी कामाचे प्रमुख होते. खरं सांगायचं तर काम दणकट झालं. एकेका तालुक्यात भूमी सुरू झाली की तलाठ्याचा हातानं लिहिलेला उतारा बेकायदेशीर ठरवला. परतीची वाटच बंद! उतारा तेव्हा 15 रुपयांत मिळायचा, फेरफाराचा अर्ज ज्याचा आधी त्याचा आधी.

सरांनी याला 'व्यवस्थापनाचं यश' म्हटलं. मला ते राजकारण वाटलं. जुनं दफ्तर कधी बंद करायचं हे ठरवणारा माणूस तलाठ्याच्या हातातली सत्ता काढून घेत होता, आणि ते चांगलंच झालं. मग जिथं एवढं ठरलं, तिथंच भाषाही ठरली असती की नाही?

तांत्रिक अडचण म्हणू नका. भारतीय लिप्यांसाठीचं 'इस्की' मानक 1991 चं. त्यात 'क' कन्नडमधला असो की देवनागरीतला, संगणकाला कोड एकच. नावं देवनागरीत दाखवणं आणि रकान्यांची शीर्षकं मराठीत ठेवणं अशक्य नव्हतं. 15 टक्के भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे तर 1961 सालीच ठरलेलं. उतारा म्हणजे सूचना नव्हे, असं कोणी म्हणेलही. शेतकऱ्याला त्याहून महत्त्वाचा कागद कुठला, ते त्यानं सांगावं.

पण थोडी चूक आपलीही आहे. आपण मोर्चा काढतो तो सिस्टीम सुरू झाल्यावर. तेव्हा उत्तर ठरलेलं असतं, 'आता सॉफ्टवेअरमध्ये बदल होत नाही.' निवेदन द्यायचं ते टेंडर निघण्याआधी, प्रकल्प कार्यालयात कामाची यादी बनत असताना, आणि प्रमुखाच्याच नावानं. कलम 350 प्रमाणे ते मराठीत लिहिलं तरी चालतं.