मिर्ची का सालन आणि उसनी जीभ

मध्यंतरी भाच्याकडे हैदराबादला गेलो होतो. रात्री हॉटेलात बिर्याणी आणि मिर्ची का सालन मागवले. वेटर अदबीने म्हणाला, "मटण आहे, कॅबर्ने सॉव्हिन्यों घ्या." भाच्याने मान डोलावली, "मामा, मटणाला रेड वाईन, नियमच आहे!"

एक घोट, वर सालनाचा घास... आणि कान तापले!

नियम कोणाच्या ताटासाठी लिहिला, हे कोणी विचारतच नाही. रेड वाईनला रंग द्राक्षाच्या सालीतून येतो, आणि सालीतून-बियांतून येते टॅनिन, म्हणजे कच्च्या केळ्यासारखा तुरटपणा. भाजलेल्या, चरबीदार मांसातली प्रथिने तो तुरटपणा शोषून घेतात. म्हणून फ्रेंचांच्या ताटात कॅबर्ने शोभते. मिरचीपुढे मात्र तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही आग वाढवतात.

त्याच हैदराबादचे पत्थर का गोश्त घ्या, तापल्या दगडावर भाजलेले मटण. तिथे शिराझ जमेल, कारण काळ्या मिरीला वास देणारे रोटंडोन हे द्रव्य शिराझमध्येही असते. सौम्य बिर्याणीशी कमी तुरट पिनो न्वार किंवा मऊ मर्लो भांडणार नाही. पण सालनाला हवी गोडी.

आणि गोड रेड वाईन म्हटले की आपली गोव्याची 'पोर्ट' आठवते. नाताळात शेजारी केकबरोबर पुढे येते तीच. तिला "खोकल्याचे औषध" म्हणून नाक मुरडणे हल्ली शहाणपणाचे लक्षण झाले आहे. अहो, गोडी तिखटाची धार कमी करते! झणझणीत विंदालूबरोबर ती कॅबर्नेपेक्षा कितीतरी बरी. विंदालूचे मूळच मुळी पोर्तुगीजांचे वाईन-लसणीत मुरवलेले मांस. गोव्यात वाईनच्या जागी माडाच्या सुरेचे व्हिनेगर आले. आपल्या आधीच्यांनी परका पदार्थ आपल्या चुलीवर वळवून घेतला; आपण मात्र परका नियम सोवळ्यासारखा पाळतो.

कान आपलाही धरायला हवा. अस्सल पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, द्राक्षांचे कडक मद्य घालून गोडी राखलेली. आपली बाटली ती नव्हे. मग उसने नाव कशाला मिरवायचे? तिला स्वतःचे नाव द्या आणि गोडी आहे ती आहे, असे ताठ मानेने सांगा.

बाकी मंडळी, पुढच्या वेळी वेटरने नियम सांगितला, तर त्याला एवढेच विचारा: "बाबा, तू सालन चाखलेस का?"