दार उघडं आहे, पण घर आपलं नाही: अनोळखी संगणकात शिरून मालकाला सावध करावं का?

समजा, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत एक विद्यार्थी लॅपटॉप उघडून बसला आहे. कॅफेच्या वाय-फायवर त्याला आणखी कुणाचा तरी संगणक दिसतो. त्याला पासवर्ड नाही. 'पेशंट रिपोर्ट्स' नावाचं शेअर्ड फोल्डर समोरच आहे. विद्यार्थ्याच्या मनात येतं, आत जाऊन डेस्कटॉपवर एक चिठ्ठी ठेवावी: 'तुमचा संगणक सगळ्यांना दिसतोय, पासवर्ड लावा.'

ही मदत झाली की गुन्हा?

प्रसंग काल्पनिक आहे, पण असे उघडे संगणक खरोखर आहेत आणि महाराष्ट्रात ते कमी नाहीत.

महाराष्ट्राचा क्रमांक पहिला कसा आला?

जर्मनीतील 'ग्रीनबोन नेटवर्क्स' या सायबर सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये जगभरातील रुग्णालयांचे आणि स्कॅन सेंटरचे सर्व्हर तपासले. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय साठवणारे अनेक सर्व्हर पासवर्डशिवाय इंटरनेटला जोडलेले होते. फेब्रुवारी २०२०च्या बातम्यांनुसार, भारतात अशा उघड्या नोंदी सर्वाधिक महाराष्ट्रात होत्या: सुमारे ३ लाख ८ हजार नोंदी आणि त्यांना जोडलेल्या जवळपास ७ कोटी प्रतिमा. पहिला अहवाल जाहीर झाल्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा भारतातील उघड्या नोंदी कमी होण्याऐवजी वाढल्या होत्या.

त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका पॅथॉलॉजी लॅबचे ४३ हजारांहून अधिक रिपोर्ट इंटरनेटवर कुणालाही पाहता येतील असे पडून असल्याचं सुरक्षा अभ्यासक ट्रॉय हंट यांनी उजेडात आणलं. त्यात एचआयव्ही चाचण्यांचे रिपोर्टही होते.

दुर्लक्ष केलं तर काय होतं, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसलं. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील तपासणी कक्षाचं सीसीटीव्ही चित्रीकरण यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरू लागलं. या प्रकरणात अटक झालेल्यांमध्ये महाराष्ट्रातले तरुणही होते. चांगल्या हेतूचा माणूस बाहेर थांबला, तरी वाईट हेतूचा थांबत नाही. म्हणूनच 'आपल्याला काय करायचंय' असं म्हणून पुढे जाणं हेही योग्य उत्तर नाही.

पाहणं आणि शिरणं यात फरक काय?

जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याचं दार भरदुपारी सताड उघडं दिसलं, तर शेजारी उंबऱ्याबाहेरूनच हाक मारतो. आत जाऊन कपाट उघडत नाही आणि 'बघा, कपाटालाही कुलूप नव्हतं' असं सांगत नाही.

संगणकालाही असा उंबरा असतो. वाय-फायवर फोल्डरचं नाव आपोआप दिसणं म्हणजे रस्त्यावरून दार दिसणं. फोल्डर उघडणं म्हणजे उंबरा ओलांडणं. फाइल उघडणं, कॉपी करणं, चिठ्ठी ठेवणं, सेटिंग बदलणं ही त्यापुढची पावलं. पासवर्ड नाही याचा अर्थ परवानगी आहे, असा होत नाही.

भारतीय कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधील कलम ४३ नुसार, मालकाच्या किंवा संगणकाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय त्यात प्रवेश करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते. इथे कुलूप तोडलं की दार उघडंच होतं, हा मुद्दा येत नाही. मुद्दा परवानगीचा आहे.

तेच कृत्य 'अप्रामाणिकपणे' किंवा 'कपटाने' केलं असेल, तर कलम ६६ लागू होतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे निव्वळ सावध करण्यासाठी आत गेलेल्याला कलम ६६ मधून सुटण्याची वाट आहे. पण आपला हेतू तसाच होता, हे सांगण्याची वेळ बहुधा तक्रार झाल्यानंतर येते. हा गुन्हा जामीनपात्र असला, तरी दखलपात्र आहे.

सरकारने 'संरक्षित प्रणाली' म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणांसाठी कलम ७० आहे. तिथे अनधिकृत प्रवेशाचा प्रयत्नही दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरतो. आधारची मध्यवर्ती माहिती याच वर्गात मोडते.

दोष दाखवणाऱ्यावर कारवाई होण्याची वेळ महाराष्ट्राने पाहिली आहे. हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये मतदान यंत्रातील त्रुटी प्रत्यक्ष यंत्रावर दाखवल्या. ते यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातून चोरीला गेल्याच्या गुन्ह्यात त्यांना ऑगस्ट २०१० मध्ये अटक झाली आणि आठवडाभराने जामीन मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतील 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन'ने त्यांना पुरस्कार दिला. यंत्र त्यांच्यापर्यंत कसं आलं, हा प्रश्न यंत्रात दोष आहे का, या प्रश्नापेक्षा मोठा झाला.

कायदा बाजूला ठेवला, तर आत जाण्यात गैर काय?

पहिलं कारण म्हणजे, संगणक मालकाचा असला तरी त्यातली माहिती इतरांची असते. लॅबचं फोल्डर उघडून 'खात्री' करणारा माणूस कुणाचा तरी रिपोर्ट वाचत असतो. त्या रुग्णाने त्याला परवानगी दिलेली नसते.

दुसरं म्हणजे, आत नेमकं काय चालू आहे, हे बाहेरच्याला माहीत नसतं. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा व्हायरस पसरला, तेव्हा कुणीतरी त्याच्यावर उतारा म्हणून 'वेल्चिया' नावाचा प्रोग्राम सोडला. तो न विचारता संगणकात शिरायचा, ब्लास्टर काढायचा आणि मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती बसवायचा. पण त्याच्या धावपळीनेच नेटवर्क तुंबली. एअर कॅनडाची विमानसेवा विस्कळीत झाली आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याची व्हिसा तपासणी यंत्रणाही काही काळ बंद पडली.

तिसरं म्हणजे, चिठ्ठी वाचणाऱ्याला ती ठेवणाऱ्याचा हेतू दिसत नाही. 'डिजिटल अरेस्ट'च्या धमक्या आणि खंडणीच्या मेलच्या काळात स्वतःच्या स्क्रीनवर अनोळखी मजकूर दिसला, तर मालक आभार मानण्याआधी घाबरेल. त्याआधी खरोखर कुणी चोर येऊन गेला असेल, तर मदत करणाऱ्याच्या पाऊलखुणा त्याच नोंदींत मिसळतील.

पण मालक कोण, हेच कळत नसेल तर?

खरी अडचण इथे आहे. वाड्याच्या दारावर निदान पाटी असते. इंटरनेटवर अनेकदा फक्त आयपी ॲड्रेस दिसतो. मालकाचं नाव शोधण्यासाठी एखादी फाइल उघडावी, असा मोह इथेच होतो.

तरीही मार्ग आहे. कोणता आयपी ॲड्रेस कोणत्या इंटरनेट कंपनीकडे आहे, हे सार्वजनिक नोंदींत सापडतं आणि ग्राहक कोण, हे त्या कंपनीला माहीत असतं. केंद्र सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था २००४ पासून अशा तक्रारी घेते. तिथे आयपी ॲड्रेस, तारीख, वेळ आणि बाहेरून जे दिसलं तेवढं कळवता येतं. कॅफेच्या प्रसंगात तर काम आणखी सोपं आहे. काउंटरवर जाऊन सांगायचं की वाय-फायवर कुणाचा तरी लॅपटॉप उघडा दिसतोय, आणि संगणकाचं नाव द्यायचं. नंबर १९३० मात्र आर्थिक फसवणुकीसाठी आहे, यासाठी नाही.

या मार्गाला वेळ लागतो आणि उत्तर येईलच याची खात्री नसते. म्हणून आत जाण्याचा युक्तिवाद पूर्ण पोकळ नाही. पण त्यावरचा उपाय प्रत्येकाने स्वतःच्या जबाबदारीवर उंबरा ओलांडणं हा नाही. हाक ऐकणारं कुणीतरी नेमणं, हा आहे.

इतर देशांनी काय केलं?

बेल्जियमने फेब्रुवारी २०२३ मध्ये अटींसह संरक्षण दिलं: गरजेपेक्षा पुढे जायचं नाही, पैसे मागायचे नाहीत, मालकाला आणि राष्ट्रीय सायबर केंद्राला लगेच कळवायचं. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये, प्रामाणिक सुरक्षा संशोधनावर खटले भरायचे नाहीत, असं धोरण जाहीर केलं. जर्मनीत मात्र जानेवारी २०२४ मध्ये एका प्रोग्रामरला ३,००० युरो दंड झाला. सुमारे सात लाख ग्राहकांची माहिती धोक्यात असल्याचं त्यानेच दाखवलं होतं, पण त्यासाठी सापडलेला पासवर्ड वापरून तो आत गेला होता.

भारतात सर्ट-इनकडे त्रुटी कळवण्याची पद्धत ठरलेली आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला खटल्यापासून वाचवणारी स्पष्ट तरतूद मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्यात नाही.

नाशिकसाठी हा प्रश्न आत्ताच का?

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. लॉजमध्ये आधारच्या प्रती घेतल्या जातील, नवे कॅमेरे लागतील, तात्पुरती नेटवर्क उभी राहतील. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे कुंभाच्याच वर्षात लागू होत आहेत. माहिती सांभाळण्यासाठी वाजवी काळजी न घेणाऱ्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

पण दंड होतो तो माहिती बाहेर गेल्यावर. त्याआधीची कामं स्वस्त आहेत. कॅमेरा आणि राउटरचा कंपनीकडून आलेला पासवर्ड बदलणं, गरज नसलेलं शेअरिंग बंद करणं आणि वेबसाइटवर 'सुरक्षेतील त्रुटी इथे कळवा' एवढी एक ओळ व एक नंबर देणं. दवाखाना, लॉज, शाळा, महापालिका, कुणालाही हे जमण्यासारखं आहे.

आणि कॅफेतल्या त्या विद्यार्थ्याने काय करावं? फोल्डर न उघडता काउंटरवर जावं. कुणीच दखल घेतली नाही, तर सर्ट-इनला कळवावं. आपण कधी, काय पाहिलं आणि कुणाला सांगितलं, हे लिहून ठेवावं. उंबऱ्याबाहेर राहून मारलेल्या हाकेचा पुरावा हाच.