पायाला सांगितलेली बुद्धी

आम्ही ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारी मंडळी. भाषेविषयीची आमची बरीचशी चर्चा सकाळच्या लोकलमध्ये, उभ्यानेच होते. आमच्यातील एका बाईंची मुलगी शिक्षणासाठी मिलानला गेली, तेव्हा लेकीच्या सोबतीने आईनेही इटालियन शिकायला घेतले. एके दिवशी मुंब्रा मागे पडता पडता त्यांनी आमच्यापुढे एक वाक्प्रचार टाकला : ‘दार्सेला आ गांबे’.

अर्थ साधाच, धूम ठोकणे. बोलण्यातला, घरगुती, काच फोडून पळालेल्या पोरांविषयी वापरावा असा. शब्दशः मात्र तो काहीसा ‘ती पायांकडे देऊन टाकणे’ असा होतो. आता ‘ती’ म्हणजे कोण? त्यातले ‘ला’ हे स्त्रीलिंगी सर्वनाम कोणत्याही नामाकडे बोट दाखवत नाही. ते नुसतेच तिथे आहे आणि त्याच्यावाचून वाक्प्रचार उभा राहत नाही. आम्हाला ही परक्या भाषेची गंमत वाटली. पण थोडा विचार करता लक्षात आले, की ‘टीसी दिसताच माझी टरकली’, ‘त्याची चांगली जिरवली’, ‘परीक्षेत तंतरली’ असे आपणही रोज बोलतो. ही टरकणारी, जिरणारी, तंतरणारी ‘ती’ कोण, हे इतक्या वर्षांच्या अध्यापनात आम्ही वर्गाला एकदाही विचारले नव्हते.

मग ‘दार्सेला आ गांबे’ला मराठी जोड शोधू लागलो. धूम ठोकणे, पळ काढणे हे सुचलेच. पण नेमका जुळला तो ‘पायाला बुद्धी सांगणे’. डोक्याने विचार करण्याची वेळ टळून गेली, आता काय ते पायांनीच ठरवावे! इटालियन माणूस जे पायांकडे सोपवतो, ते सोपवण्याची सोय मराठीनेही करून ठेवली होती. ‘पाय खांद्यावर’ असाही एक इटालियन वाक्प्रचार आहे. त्याच्या तोडीचा आपला ‘ढुंगणाला पाय लावून पळणे’ शिष्टपणापायी आम्ही वर्गात कधी उच्चारलेला नाही. वास्तविक जीव घेऊन पळणाऱ्याच्या टाचा कुठे लागतात, याचे त्यात अचूक निरीक्षण आहे.

येथपर्यंत ही करमणूक होती. पुढचा भाग आमच्या अपराधाचा आहे.

एका चाचणीत आम्ही ‘पोबारा करणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला होता. एका विद्यार्थ्याने लिहिले : ‘कल्टी मारणे’. आम्ही तांबड्या शाईने ते खोडले, वर ‘पळून जाणे’ असे लिहिले आणि शून्य गुण दिले. आज वाटते, त्याचे उत्तर आमच्या उत्तरापेक्षा सरस होते. पोबारा करणारा नुसता पळत नाही. काहीतरी करून, कुणाला तरी चकवून तो नाहीसा होतो. ‘पळून जाणे’मध्ये ती लबाडी नाही, ‘कल्टी’मध्ये आहे.

आमच्या प्रश्नपत्रिकांत पोबारा करणे, काढता पाय घेणे, गाशा गुंडाळणे, पाठ दाखवणे या सर्वांची उत्तरे साधारण एकच असतात : पळून जाणे, निघून जाणे. पण काढता पाय घेणारा पळत नाही; तो अवघड प्रसंगातून अब्रू सांभाळून निसटतो. पाठ दाखवणाऱ्यावर भेकडपणाचा आरोप आहे. गाशा गुंडाळणाऱ्याला तर घाईही नसते. तो मुक्काम मोडून जातो. प्रत्येक शब्दात पळणाऱ्याविषयी बोलणाऱ्याने दिलेला एक निवाडा असतो. तो गाळून आम्ही केवळ अर्थ शिकवतो.

यावर आक्षेप येईल, की महाविद्यालयाने प्रमाण भाषा शिकवावी. कल्टी शिकायला फलाट पुरेसा आहे. आक्षेप निरर्थक नाही. विद्यार्थ्याने नोकरीच्या अर्जात ‘कल्टी’ लिहावे, असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु पोबारा हे मुळात सोंगट्यांच्या खेळातले दान. हिंदीत ‘पौ बारह’ म्हणजे नशीब फळफळणे. मराठीत तेच दान पडले की माणूस पसार होतो. गाशा हे घोड्याच्या खोगिरावरचे आच्छादन. म्हणजे आज परीक्षेत मानाने बसणारे हे शब्द एकेकाळी सोंगट्यांच्या पटावरून आणि घोड्यांच्या पागेतून आले. फलाटावरून येणाऱ्या शब्दालाच आम्ही दारात का अडवावे? मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 सालची. कोणता शब्द कोकणातला, कोणता कवितेतला, याच्या खुणा त्यात आहेत. शब्द कुठे चालतो हे सांगणे कोशकाराला अर्थाइतकेच महत्त्वाचे वाटले होते. आम्ही मात्र शब्द एक तर शुद्ध ठरवतो, नाही तर खोडतो.

आमच्या वर्गात आगरी, मालवणी, अहिराणी घरांतली मुले असतात. हिंदी, गुजराती घरांतलीही असतात. पळून जाण्यासाठी त्यांच्या घरी कोणते शब्द आहेत, हे आम्ही विचारलेले नाही. जी मुले आपला शब्द वर्गात आणण्यापूर्वी दहा वेळा बिचकतात, ती पुढे मराठी विषयाकडेच पाठ फिरवतात, आणि मग विद्यार्थी कमी झाल्याचे दुःख आम्ही चर्चासत्रांतून मांडतो.

एका परक्या भाषेतला एक साधा वाक्प्रचार शिकताना आम्ही जितके प्रश्न विचारले, तितके स्वतःच्या भाषेला विचारले नव्हते. तो कोण वापरतो, कुणाविषयी, कुणासमोर वापरत नाही, त्यात हसू आहे की तिरस्कार? यापुढे प्रश्नपत्रिकेत अर्थाबरोबर एवढेही विचारावे, असे आम्ही आपापसांत ठरवले आहे. ‘कल्टी’ लिहिणारा तो मुलगा आता शिकून बाहेर पडला. त्याचा तो गुण आमच्याकडे अजून देणे आहे.