एका टिंबाची गोष्ट

शनिवारी मिसळ हाणून जुना कोड उघडला. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांसाठीचं अ‍ॅप. बिलाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, एवढंच. अँड्रॉइड ७ (२०१६) पासून फाइलचा थेट पत्ता दुसऱ्या अ‍ॅपला दिला की आपलं अ‍ॅप कोसळतं, म्हणून फाइलप्रोव्हायडर लागतो. त्याच्या यादीत मी काय लिहिलं होतं? रूट-पाथ आणि पुढे नुसतं टिंब. म्हणजे अख्खं घर उघडं! परवानगी एकेका फाइलचीच जाते, मान्य. पण कोडमधून चुकून भलतंच नाव गेलं तर अडवणारं कोणी नाही. बँक खात्यांचा डेटाबेससुद्धा बाहेर. 'चालतंय ना' म्हणत नेटवरून उचललेलं असलं टिंब म्हणजे माझ्या मते शुद्ध आळस. आता यादीत कॅशमधलं फक्त बिलांचं फोल्डर आहे. कॅश सिस्टीमने पुसली तरी बिल पुन्हा बनतं.