गॅस संपत नाही, गळतो

मार्च सरला की आमच्या सिन्नरमध्ये एक वाक्य हमखास कानावर येते : "एसीतला गॅस संपला." मेकॅनिक घरमालकाला सांगतो, घरमालक शेजाऱ्याला सांगतो, आणि सगळे माना डोलावतात. वाक्य इतके रुळले आहे की त्यात काही खोट असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. पण ते खोटे आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. एसीतला गॅस जळत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो आणि परत येतो. नळी शाबूत असेल तर तोच गॅस मशीनला आयुष्यभर पुरायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी छिद्र आहे, सांधा सैल आहे. ते शोधल्याशिवाय नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

मग हे वाक्य टिकून का राहिले? मेकॅनिक लबाड असतात म्हणून, असे आपण पटकन म्हणून मोकळे होतो. माझे मत वेगळे आहे. हे वाक्य आपण, म्हणजे गिऱ्हाइकांनी, जगवले आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, कामाचे देत नाही. गॅसचे अडीच-तीन हजार मागितले तर कुरकुरत का होईना देतो. तोच मेकॅनिक म्हणाला की, "तासभर तपासलं, एक नट सैल होता, घट्ट केला, पाचशे रुपये द्या," तर आपल्याला तो लुटारू वाटतो. ज्या बाजारात ज्ञानाला भाव नाही, तिथे माणूस गॅसच विकणार.

माझ्या शेजारच्या घरात सलग तीन उन्हाळे गॅस भरला गेला. दरवर्षी नवा मेकॅनिक, दरवर्षी तेच निदान. चौथ्या वर्षी एक तरुण मुलगा आला. त्याने आधी बाहेरच्या युनिटच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावला. एका नटाशी बारीक बुडबुडे आले. त्याने नळीचे तोंड कापून नव्याने पसरवले, नट बसवला, पंप लावून नळ्यांमधली हवा खेचून काढली आणि मग वजन करून गॅस भरला. दोन तास गेले. मजुरी सांगितली तेव्हा घरात घासाघीस सुरू झाली, "नुसता नट तर आवळला!" त्या मुलाचा चेहरा पाहून मला वाटले, पुढच्या घरी हा साबण काढणार नाही. थेट गॅसची टाकी काढील.

आता सिन्नरपुरते बोलू. आपला तालुका पर्जन्यछायेतला. पूर्व भागात उन्हाळ्यात टँकर ही नेहमीची गोष्ट. इथला एप्रिल-मे कोरडा असतो, घाम अंगावर टिकत नाही. कोकणात किंवा मुंबईत तापमान इथल्यापेक्षा कमी असूनही जीव कासावीस होतो, कारण हवा दमट असते. विलिस कॅरिअरने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या छापखान्यासाठी जे यंत्र आखले, त्याचा हेतू माणसांना गारवा देणे हा नव्हताच. दमटपणामुळे कागद फुगत आणि आक्रसत होता, रंग एकमेकांवर बसत नव्हते. हवेतला ओलावा आटोक्यात आणायला ते यंत्र जन्मले. कूलर याच्या उलट, हवेत ओलावा सोडून गारवा देतो. म्हणून सिन्नरच्या कोरड्या मे महिन्यात साधा कूलर चांगले काम करतो, आणि जूनचे ढग जमले की तोच कूलर खोलीचा हमाम करतो. अर्थात कूलर पाणी पितो, आणि पाणी आपल्याकडे स्वस्त नाही. तेव्हा एसी घेणाऱ्याला मी चैनखोर म्हणणार नाही. घरात म्हातारे असतील, आजारी माणूस असेल, वर तापलेला स्लॅब असेल, तर एसी ही गरज आहे. एवढेच म्हणेन, की गच्चीवर पांढरा चुना मारून पाहा, मग किती टनाचा घ्यायचा ते ठरवा.

एसी बिघडण्याच्या तऱ्हाही गावागावांत वेगळ्या. समुद्रकाठी खारी हवा कॉईल खाते. आपल्याकडे शत्रू आहे धूळ : हायवेची, शेताची, एमआयडीसीच्या रस्त्यांची. वर्षातले आठ-नऊ महिने मशीन बंद पडून राहते आणि मार्चमध्ये बटण दाबले की थंड होत नाही. यातल्या बऱ्याच तक्रारींत गॅसचा संबंधच नसतो. जाळी तुंबलेली असते, आतला पंखा धुळीने जड झालेला असतो, बाहेरच्या कॉईलवर मातीचा थर असतो, नाहीतर कपॅसिटर कमजोर झालेला असतो. कॉईलवर बर्फ जमला म्हणजे गॅस गेला, असेही नाही. जाळी तुंबून हवा कमी पडली तरी बर्फ जमतो. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी नळाखाली धुवायला मेकॅनिक लागत नाही. बाकीच्या कामाला लागतो, आणि त्याने काय करायला हवे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांचे तापमान मोजणे, मीटरने करंट तपासणे, दोन्ही कॉईल धुणे, पाणी जाण्याची नळी मोकळी करणे. इतके झाल्यावरही शंका उरली, तरच गॅसची गोष्ट.

गळलेला गॅस जातो कुठे? आकाशात. जुन्या एसीत आर-२२ असायचा. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो हळूहळू बंद होत आहे. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट आहे. आजच्या बहुतेक नव्या घरगुती एसीतला आर-३२ त्या मानाने सौम्य, तरीही सुमारे पावणेसातशे पट. म्हणजे दर उन्हाळ्यात छिद्र न बुजवता गॅस भरणारे घर आपली खोली थंड करत गावाचे आकाश तापवत असते. त्या आकाशाखाली पत्र्याच्या घरात राहणारे लोकही आहेत. त्यांच्याकडे एसी नाही, पण उष्णतेचा हिशेब त्यांच्या नावावर चढतो.

आणि या सगळ्यात सर्वांत स्वस्त झाला आहे तो मेकॅनिकचा जीव. आमच्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुले या धंद्यात आहेत. दहावीनंतर शाळा सुटली की कोणा उस्तादाच्या हाताखाली पाना धरायला लागतात, दोन-तीन सीझन झाले की स्वतःची पिशवी घेऊन निघतात. हाताला कसब येते, यात शंका नाही. पण आर-३२ पेट घेऊ शकतो, हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते. नळीत गॅस उरलेला असताना टॉर्च लावू नये, गळती तपासायला नायट्रोजनच वापरावा, ऑक्सिजन कधीही नाही, कारण कॉम्प्रेसरचे तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. हे धडे पुस्तकात आहेत, पिशवीत नाहीत. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर कमरेला पट्टा न बांधता लटकणारा मुलगा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पाहिला, आणि चहा विचारून आत गेलो आहोत.

भारत सरकारने २०१९ मध्ये 'इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन' काढला. त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिसिंग कारागिरांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. कागदावर ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण रिपेअरिंगवाला हा देशाच्या धोरणाचा भाग आहे, हे तिथे मान्य केले गेले. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहेच. पण प्रमाणपत्रवाला आणि बिनप्रमाणपत्रवाला यांना गिऱ्हाईक एकच दर देणार असेल, तर मुलाने दोन वर्षे का घालवावीत? हा प्रश्न सरकारला विचारण्याआधी स्वतःला विचारू या.

आता दुसरी बाजू. "दुरुस्ती कशाला, नवाच घ्या," हा सल्ला हल्ली दुकानात सहज मिळतो. कधी तो बरोबरही असतो. मशीन दहा-बारा वर्षांची आहे, त्यात आर-२२ आहे आणि कॉम्प्रेसर बसला, तर तिच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. नवी इन्व्हर्टर मशीन वीज बरीच वाचवते. घेताना तारे पाहा, आणि ते कोणत्या वर्षाचे आहेत तेही पाहा. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले, त्यामुळे त्याआधीचे पाच तारे आणि नंतरचे पाच तारे एक नव्हेत. पण चार-पाच वर्षांची मशीन फक्त एक सर्किट बोर्ड जळला म्हणून भंगारात जाणार असेल, तर तो तोटा आपलाच. आणि भंगारात देताना एक गोष्ट विसरू नका. भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो, त्या क्षणी उरलेला सगळा गॅस हवेत जातो. आधी मेकॅनिकला बोलावून तो काढून घ्यायला सांगा, किंवा जुनी मशीन कंपनीच्या परतीच्या व्यवस्थेत द्या. ई-कचऱ्याच्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

कोणी म्हणेल, मध्यमवर्गीय माणसाने पट्टा, पंप, नायट्रोजन या सगळ्याचे पैसे का भरावेत? त्याचे उत्तर हिशेबातच आहे. तीन उन्हाळे तीन वेळा गॅस भरण्याचा खर्च एकदा केलेल्या नीट दुरुस्तीपेक्षा जास्त होतो. शिवाय कमी गॅसवर चालणारा कॉम्प्रेसर तापतो आणि लवकर मरतो. विजेचे बिल वाढते ते वेगळेच. स्वस्त मेकॅनिक महाग पडतो, हे आपण गाडीच्या बाबतीत शिकलो. घराच्या बाबतीत अजून शिकायचे आहे.

म्हणून या उन्हाळ्यात मेकॅनिक दारात आला की त्याला तीन प्रश्न विचारा. गळती कुठे आहे, ते दाखवशील का? हवा खेचायचा पंप आणला आहेस का? गॅस वजन करून भरशील का? बाहेरच्या युनिटच्या पाटीवर किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेले असते. यावर तो चिडला तर दुसरा शोधा. त्याने साबणाचा फेस काढला, तर त्याला बसायला खुर्ची द्या, खिडकीबाहेर उतरायच्या आधी पट्टा बांधायला सांगा, आणि काम झाल्यावर सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी आणि पैसा राखून असलेल्यांनी दर वर्षी दोन-चार मुलांची आयटीआयची फी आणि एखादा चांगला पंप एवढा भार उचलला, तरी पाच वर्षांत सिन्नरच्या गल्ल्यांमधून खरे कारागीर उभे राहतील. कसब आपल्या मुलांकडे आहे. त्याला भाव द्यायचे काम आपले आहे.